अंधाऱ्या खोल्यांचा संग्रह

गिरगावातील एका चाळीत काही वर्षांपूर्वी एक खोली रिकामी होताना पाहण्याचा प्रसंग आमच्यावर आला. खोलीचे मालक व्यवसायाने छायाचित्रकार होते. लग्ने, मुंजी, शाळांची स्नेहसंमेलने आणि क्वचित एखाद्या दिवाळी अंकाचे काम करीत त्यांनी चाळीस वर्षे काढली होती. ते वारले, पाठोपाठ चाळ पुनर्विकासासाठी मोकळी करून देण्याची मुदत आली, आणि घरच्यांनी त्यांचे कपाट उघडले. वरच्या दोन फळ्यांवर कॅमेरे, तिसरीवर भिंगे आणि तळाशी बुटांच्या खोक्यांत भरून ठेवलेल्या निगेटिव्ह अशी त्याची रचना होती. जुन्या मालाचा व्यापारी आला. त्याने वरच्या तीन फळ्यांचा उक्ता भाव सांगितला आणि माल उचलला. तळच्या खोक्यांना त्याने हात लावला नाही. ती दुसऱ्या दिवशी रद्दीबरोबर गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा मागे एक लांबट हिशेबवही तेवढी उरली होती. ती घरच्यांनी आम्हांला देऊन टाकली.

या प्रसंगाने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला. छायाचित्रकाराचा संग्रह म्हणजे नेमके काय? त्याची यंत्रे, की त्या यंत्रांनी पाहिलेले जग? व्यापाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत दिले होते. परंतु आपला इतिहासही बहुतेक वेळा तेच उत्तर देत आला आहे काय, हे तपासून पाहावे असे आम्हांला वाटले. प्रस्तुत लेख हा त्याचाच प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'कॅमेरा' या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खोली. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे अंधारी खोली. तिच्या भिंतीला बारीक भोक पाडले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. ही खोली हळूहळू पेटीएवढी झाली, पेटीला भिंग बसले, आणि १८३९ साली त्या उलट्या चित्राला कायम करण्याची रासायनिक रीत जाहीर झाल्यावर आजचा कॅमेरा जन्मास आला. खोली हा शब्द गिरगाव-लालबागच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत संसार, आणि त्या संसारातल्या एका कपाटात आणखी पन्नास-शंभर अंधाऱ्या खोल्या, असे या भागातील संग्राहकाचे चित्र असते. मराठीत आपण फोटो 'काढतो'. चित्र काढणे, पाणी काढणे, आठवण काढणे यांतलेच हे क्रियापद आहे. आत असलेले बाहेर आणणे हा त्याचा भाव. कॅमेऱ्याच्या संग्रहाविषयी बोलताना हा भाव ध्यानात ठेवणे उपयोगाचे ठरेल, कारण संग्रहातल्या कॅमेऱ्यातून कोणी काही काढत नसते.

मुंबईत या छंदाने जागतिक विक्रमापर्यंत मजल मारली आहे. छायापत्रकार दिलीश पारेख यांच्या वैयक्तिक संग्रहातील ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांची नोंद २००३ साली गिनीज बुकाने घेतली. हा संग्रह ते १९७७पासून करीत आले होते, आणि वडिलांकडून आलेले कॅमेरे हा त्याचा पाया होता. पॅरिस, लंडन किंवा टोकिओ नव्हे, तर मुंबईत एवढा मोठा संग्रह उभा राहावा याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु थोडा विचार केल्यास ते अगदी स्वाभाविक दिसते. मुंबई हे बंदर. शंभर-सव्वाशे वर्षे जगातले प्रत्येक नवे यंत्र येथे आधी उतरले. संस्थानिकांनी मागवलेले, मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी विकलेले, बोटीवरील खलाशांनी आणलेले आणि मिटलेल्या स्टुडिओंतून निघालेले सामान चोरबाजारात व फोर्टातील बोरा बाजाराच्या गल्ल्यांत फिरत राहिले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले, तेव्हा परदेशी कॅमेरा नवा मिळणे दुरापास्त झाले आणि जुना टाकून देणे परवडेनासे झाले. येथे जे जपले गेले त्यामागे हौस होती तशीच टंचाईही होती.

परंतु ४,४२५ हा आकडा यंत्रांचा आहे. त्या यंत्रांनी काढलेली चित्रे कोणत्याही विक्रमात मोजली जात नाहीत. यंत्र आणि चित्र यांची ही ताटातूट फार जुनी आहे. मुंबईच्याच इतिहासातील काही उदाहरणे पाहू.

छायाचित्रणाची संस्था मुंबईत १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर याच दशकात छायाचित्रणाचा व्यवसायच सुरू केला. त्या काळी कलोडियनची ओली काच वापरीत. काचेवर द्रव ओतायचा, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ती बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी धुऊन काढायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. मुंबईच्या उकाड्यात तेवढाही अवधी मिळत नसे. म्हणजे कॅमेरा ही त्या कामातली सर्वांत सोपी वस्तू होती. खरे कसब हातांचे होते, आणि हात कोणत्याच संग्रहालयात ठेवता येत नाहीत.

दुसरे उदाहरण सावेदादांचे, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांचे. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या सावेदादांनी त्यानंतर इंग्लंडातील रायली बंधूंकडून एकवीस गिनींना चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये लावलेली कुस्ती त्यांनी चित्रित केली आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून मायदेशी परतले तेव्हाचा त्यांच्या स्वागताचा सोहळाही त्यांनी टिपला. भारतीय माणसाने भारतीय घटना चित्रित केल्याचे हे अगदी पहिले दाखले. त्या फिती आज नाहीत. कॅमेऱ्याची किंमत मात्र आपल्याला गिनीपर्यंत ठाऊक आहे. वस्तूची पावती टिकावी आणि वस्तूने पाहिलेले नाहीसे व्हावे, हा आमच्या चाळीतल्या प्रसंगाचाच जुना अवतार म्हणावा लागेल.

तिसरे उदाहरण दादरचे. दादासाहेब फाळके यांनी गिरगावच्या चित्रगृहात 'ख्रिस्ताचे जीवन' पाहिले आणि ते या नव्या विद्येने झपाटले. रात्रंदिवस चित्रपट पाहून व प्रयोग करून त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि उपचारांनी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून परतले. कुंडीतले रोप बियांपासून वाढताना दाखवणारी लहानशी फीत त्यांनी भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी केली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. एवढे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांविना येई. ती अंधारात, बोटांच्या अंदाजाने, यंत्रातून सरकवून तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडावी लागत. छिद्रांचे अंतर किंचित जरी चुकले तरी पडद्यावर चित्र थरथरणार. दादरच्या घरात हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले. फिल्म धुण्याच्या कामातही त्यांचा हात होता, आणि चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच पाहत. विल्यमसन कॅमेऱ्याचे नाव चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात येते. त्याच्या पोटात जाणारी फीत ज्या हातांनी सिद्ध केली त्यांचे नाव फार उशिरा आणि फार हळू आवाजात आले. पस्तीस मिलिमीटर रुंदीची ही सिनेमाची फीतच पुढे १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने स्थिरचित्रणासाठी घेतली, आणि पाऊण शतक साऱ्या जगाने तीच वापरली. आज लायका हा संग्राहकांचा सर्वांत मोलाचा नग आहे. तो हातात घेताना दादरच्या त्या अंधाऱ्या खोलीची आठवण कोणाला होते काय?

चौथे उदाहरण होमाई व्यारावाला यांचे, आणि ते उलट्या बाजूने बोलके आहे. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या होमाई मुंबईत वाढल्या, जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि येथील रस्त्यांवर व सहाध्यायिनींवर त्यांनी हात बसवला. त्यांची आरंभीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या, आणि सत्तांतराच्या काळातील दिल्ली त्यांच्या रॉलिफ्लेक्सने पाहिली. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. असे असूनही आज त्यांचे काम आपल्याला पाहता येते. याचे कारण त्यांच्या निगेटिव्ह व प्रती अल्काझी प्रतिष्ठानाकडे सोपवल्या गेल्या आणि अभ्यासकांनी त्यांच्या मुलाखती घेऊन चित्राचित्रामागचा संदर्भ नोंदवला. २०१२ साली त्या गेल्या तेव्हा मागे यंत्रांपेक्षा बरेच काही राहिले होते. संग्रह कसा असावा याचा हा वस्तुपाठ होय.

आता पुन्हा कपाटाकडे येऊ. यंत्रांचा संग्रह करणाऱ्याला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. मुंबईच्या हवेत एक कॅमेरा पन्नास वर्षे जिवंत ठेवणे हे सोपे काम नव्हे. आषाढ-श्रावणात हवेतील दमटपणा इतका वाढतो की भिंगाच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू काचेवर पसरतात, आणि तिच्यातून स्रवणारे आम्ल काचेवरील लेप खाऊन टाकते. मग बुरशी पुसली तरी तिचा माग पुसला जात नाही. चामड्याची सुबक पेटी हा दमटपणाचा सर्वांत मोठा साठा असतो, म्हणून जाणता संग्राहक पेटी वेगळी आणि कॅमेरा वेगळा ठेवतो. सिलिका जेलच्या पुड्या, दर रविवारी कपाट उघडून भिंगांना दाखवलेले ऊन, महिन्यातून एकदा प्रत्येक शटर चार-सहा वेळा दाबणे, असा त्याचा कुळाचार असतो. तरीही काही गोष्टी हाताबाहेर असतात. दोन काचा जोडणारा डिंक सुटतो. वंगण पाझरून झडपेच्या पात्यांवर येते. सत्तरच्या दशकातील जपानी कॅमेऱ्यांतला स्पंज विरघळून डांबरासारखा चिकट होतो. प्रकाशमापकाला लागणारे पाऱ्याचे बटन-सेल आता बनतच नाहीत.

या पसाऱ्यात दीर्घायुषी ठरते ते भिंग. रशियन झेनिट किंवा जर्मन प्राक्टिकाचे, बेचाळीस मिलिमीटरच्या आट्यांचे भिंग आज एखाद्या जोडकड्याच्या आधाराने नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसते आणि उत्तम चित्र देते. निकॉनने १९५९ साली ठरवलेली भिंग बसवण्याची रीत अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. पेटी बदलते, फीत जाऊन सेन्सर येतो, पण प्रकाश वाकवण्याचे नियम बदलत नाहीत. संग्राहक कॅमेऱ्यावर प्रेम करतो आणि भिंगावर विश्वास ठेवतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

लालबाग-परळच्या कपाटांत मात्र लायका किंवा रॉलिफ्लेक्स क्वचितच सापडेल. तेथे सापडतो तो आग्फा क्लिक थ्री. बडोद्यास बनणारा हा साधा कॅमेरा १२०च्या रोलवर बारा चौकोनी चित्रे काढी. त्यात उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल किंवा पूर्व जर्मनीचा ऑर्वो घातला जाई. बारा चित्रांचा हिशेब काटेकोर असे. सत्यनारायणाची दोन, बारशाची चार, गणपतीची तीन, उरलेली गावी गेल्यावर. एक चित्र फुकट जाणे म्हणजे घरात त्या दिवसाची आठवण नसणे. ज्यांच्याकडे तेवढाही कॅमेरा नव्हता ते सणावारी जवळच्या स्टुडिओत जात. रंगवलेल्या पडद्यापुढे, लाकडी कठड्याला हात टेकून, इस्त्रीच्या शर्टात उभा राहिलेला गिरणी कामगार आणि शेजारी खुर्चीवर बसलेली त्याची पत्नी, असे चित्र कोकणात किंवा घाटावर पाठवले जाई. मुंबईत आपले बरे चालले आहे याचा गावाकडच्या माणसांना तोच पुरावा असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरणगावाचा आधारच सुटला. मोर्च्यांची व सभांची छायाचित्रे वृत्तपत्रांनी काढली व जपली. परंतु त्या कामगारांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या निवडीने, स्वतःला जसे पाहावेसे वाटले तशी काढून घेतलेली चित्रे स्टुडिओंच्या माळ्यांवर होती. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांचे आवाज गोळा करून २००४ साली मौखिक इतिहासाचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. आवाजांना असे कोणी भेटले. स्टुडिओंच्या निगेटिव्हना तसे फारसे कोणी भेटले नाही. ॲसिटेटची फिल्म उष्ण दमट हवेत स्वतःच कुजते, तिला व्हिनेगरचा आंबूस वास येतो, ती आक्रसते आणि तिच्यावरचा थर सुटतो. हा वास ज्या माळ्यावर एकदा येऊ लागला तेथे आपल्याजवळ फार वर्षे उरलेली नसतात.

आता संग्रहाच्या सर्वांत नव्या फळीकडे वळू. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र शंभर बाय शंभर ठिपक्यांचे होते, आणि ते कॅसेटवर उतरवायला तेवीस सेकंद लागत. १९९९ मध्ये निकॉनचा डी-वन आला आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून अंधारखोल्या नाहीशा होऊ लागल्या. २००६च्या जानेवारीत निकॉनने फिल्मच्या बहुतेक कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, त्याच महिन्यात कोनिका मिनोल्टाने हा व्यवसायच सोडत असल्याची घोषणा केली, आणि २०१२च्या जानेवारीत खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

संग्राहकाच्या दृष्टीने यातली गंमत अशी की धाकटी भावंडे आधी जात आहेत. १९५५ चा रॉलिफ्लेक्स आज साफ करून, तेल घालून, रोल भरून वापरता येतो. २००२ चा डिजिटल कॅमेरा मात्र त्याची विशिष्ट बॅटरी फुगली, कार्ड मिळेनासे झाले किंवा वायरचे टोक नव्या संगणकास जुळेना की वजनकाट्यावरचा दगड होतो. पहिला तंत्राचा नमुना म्हणून तरी राहतो, दुसरा तेवढाही राहत नाही. आणि निगेटिव्हच्या खोक्याला निदान उजेडापुढे धरून पाहता येत होते. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये काय आहे हे तिला हातात घेऊन कोणालाच सांगता येत नाही. २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतले आपले घरगुती जीवन त्याआधीच्या पन्नास वर्षांपेक्षा अधिक वेळा टिपले गेले, आणि कदाचित अधिक वेगाने हरवलेही.

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. लेखकाच्या स्मारकात आपण त्याचे पेन, चष्मा आणि लिहिण्याचे मेज काचेआड मांडतो, आणि त्याच्या कच्च्या खर्ड्यांच्या वह्या वाळवीच्या स्वाधीन करतो. पेनाकडे पाहून कविता कळत नाही. खर्ड्यातला एक खोडलेला शब्द मात्र पुष्कळ काही सांगतो. छायाचित्रकाराच्या बाबतीत निगेटिव्ह हा खर्डा होय. एकाच प्रसंगाच्या सलग चार निगेटिव्ह पाहिल्या म्हणजे तो कोठे उभा होता, कोठे सरकला, कशाची वाट पाहत राहिला आणि शेवटी कोणता क्षण त्याने ग्राह्य मानला, हे समजते. छापलेल्या एका चित्रातून ते समजत नाही, आणि कॅमेऱ्यातून तर नाहीच.

पेडर रोडवरील गुलशन महालात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९ जानेवारी २०१९ पासून उभे आहे. यंत्रे पाहण्याची तेथे चांगली सोय झाली. घरोघरच्या कपाटांसाठी मात्र कोणतेही मोठे संग्रहालय येणार नाही. तेथे आपणच काही करू शकतो, आणि त्याला फार खर्चही नाही. प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: तो कोणी, केव्हा, कोणाकडून घेतला, त्याने कोणती चित्रे काढली, ती चित्रे आता कोणाकडे आहेत. फिल्म कोण धुवीत असे, प्रती कोण काढी, आणि त्या कामात घरातल्या कोणाकोणाचे हात होते, हेही त्यात लिहावे. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून आसपासच्या दहा स्टुडिओंच्या अशा नोंदी करून घेतल्या तर तो कोणत्याही प्रकल्पापेक्षा कमी मोलाचा अभ्यास होणार नाही.

आमच्याजवळ राहिलेली हिशेबवही मधूनमधून आम्ही उघडून पाहतो. डावीकडे तारीख, मग गिऱ्हाईकाचे आडनाव व चाळीचे नाव, मग प्रसंग, आणि शेवटच्या रकान्यात निगेटिव्हचा क्रमांक. अक्षर शेवटपर्यंत एकसारखे आहे. एका पानावर 'मुंज, आजी बसल्या आहेत, परत प्रत मागितली' अशी नोंद आहे. ती आजी कशी बसली होती हे पाहण्याचा मार्ग आता उरलेला नाही. क्रमांक मात्र स्पष्ट वाचता येतो.